कॉन्ट्रास्टशिवाय किडनीचा एमआर अँजिओ – कोथरूडजवळ कुठे?

मुग्धा_कोथरूड: सासरे ७१ वर्षांचे, डायबेटिस, क्रिएटिनिन २.४, ईजीएफआर २८, म्हणजे किडनी बरीच कमी काम करते. तीन गोळ्या घेऊनही बीपी १७०च्या खाली येत नाही. किडनीची धमनी अरुंद झाली असावी अशी डॉक्टरांना शंका आहे. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन (चित्रात रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून देतात ते) न देता एमआर अँजिओ, म्हणजे एमआरआय मशीनवर रक्तवाहिन्यांचं चित्र, करायला सांगितलंय. बजेट दहा हजार. सेंटर सुचवा.

औंधचा_अण्णा: थ्री टेस्लाच घ्या, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाचं मशीन. मी गुडघ्याचा केला, चित्र काय कडक आलं! अठरा-वीस धरून चला. तब्येतीपुढे पैसा काय.

पेठेतली_वहिनी: अण्णा, गुडघ्याचं पोटाला कशाला लावता? आमच्या आईंचं एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) दीड टेस्लावरच झालं, इंजेक्शन नाही काही नाही. पित्तनलिकेतला खडा लख्ख दिसला. आधी अननसाचा रस तेवढा पाजला.

औंधचा_अण्णा: डायबेटिसवाल्याला अननसाचा रस? धन्य.

पेठेतली_वहिनी: आमच्या आईंना डायबेटिस नाही. आणि रस हौसेने देत नाहीत. त्यातल्या मँगनीजमुळे जठरातलं पाणी चित्रात काळं पडतं, मग नलिका उठून दिसते.

बाणेर_बाबू: सरळ सीटी अँजिओ करा, पाच मिनिटांत मोकळे. मी केलाय.

मुग्धा_कोथरूड: त्यात आयोडीनचं इंजेक्शन असतं, तेच टाळायचंय. वर ईजीएफआर लिहिलाय हो.

हडपसर_एमआर: मी मशीनवर काम करतो. दीड की तीन हा वाद सोडा. पोटात पाणी झालं असेल तर थ्रीवर उलट काळ्या छाया येतात. सेंटरला एवढंच विचारा: कॉन्ट्रास्टशिवाय रीनल (किडनीच्या) अँजिओचा प्रोग्रॅम मशीनवर आहे का, आणि तो नेहमी करता का? यात आधी त्या भागातला सगळा सिग्नल दाबतात, मग महाधमनीतून ताजं आत आलेलं रक्त तेवढं उजळ दिसतं. मशीन श्वासाच्या तालावर चित्र घेतं, म्हणून श्वास एकसारखा हवा. धाप लागत असेल किंवा ठोके अनियमित असतील तर चित्र फिसकटतं. स्टेंट असेल तर आधीच सांगा, तिथे काळं दिसतं आणि धमनी बंद असल्यासारखं वाटतं. मुख्य धमनी चांगली कळते, बारीक फांद्यांची खात्री नाही. आधी डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केलात का?

सिंहगडरोड_काका: आम्हाला अकराची वेळ देऊन दीडला आत घेतलं. चिठ्ठीवर 'विना कॉन्ट्रास्ट' लिहिलेलं असताना सुई टोचायला आले! तुम्ही टेबलावर झोपवायच्या आधी पुन्हा सांगा. पार्किंगबद्दल तर बोलायलाच नको.

बाणेर_बाबू: एमआरच्या कॉन्ट्रास्टमधल्या गॅडोलिनियमचा एवढा बाऊ नको. २००६ मध्ये त्वचा कडक होणाऱ्या एनएसएफ या आजाराशी संबंध जोडला गेला, तो मुख्यतः जुन्या प्रकारच्या औषधांचा. नवीन औषधांत धोका फार कमी.

हडपसर_एमआर: बरोबर, पण ते नेफ्रॉलॉजिस्ट ठरवतील. तुम्ही-आम्ही नाही.

औंधचा_अण्णा: तरी थ्री टेस्लाच.

मुग्धा_कोथरूड: डॉपलर झालाय, गॅसमुळे डावी धमनी नीट दिसली नाही. कर्वे रोडच्या दोन सेंटरना फोन केला. एकीने "प्रोग्रॅम म्हणजे काय?" असं विचारलं. दुसरीकडे रेडिओलॉजिस्ट स्वतः बोलले, जुने रिपोर्ट मागवले, बाबांना धाप लागते का तेही विचारलं. मशीन दीड टेस्लाचं, पण लिफ्ट आहे आणि पैसे बजेटमध्ये बसतात. गुरुवारची वेळ घेतली.

औंधचा_अण्णा: घ्या. पुसट आलं तर मला विचारू नका.

पेठेतली_वहिनी: मुग्धा, बाबांची कवळी काढायला विसरू नकोस.