शब्दचर्चा: ‘कोरडे डोळे’ म्हणायचं, तर पाणी का येतं?

तापीकाठ:
अमळनेरजवळच्या एका गावात पन्नाशी उलटलेल्या बायांसाठी डोळ्यांच्या माहितीचं पत्रक करतेय. ‘कोरडे डोळे’ वाचलं, तर एक आजी फणकारली, “कोरडा कसाना व माय, पानीनी धार लागेल शे!” दुसरा शब्द सुचवा.

जुनी वही:
आजीचंही बरोबर, पत्रकाचंही. अश्रूंवर तेलकट थर असतो. पापण्यांच्या कडेला असलेल्या ग्रंथी तो पुरवतात, आणि त्यांना अँड्रोजन लागतं, म्हणजे ‘पुरुषी’ म्हणवलं जाणारं पण बायकांतही असणारं हार्मोन. वयाबरोबर ते घटतं, थर विरळ होतो, अश्रू लगेच उडून जातात. मग डोळा चुरचुरतो आणि चुरचुरला की धार लागते. वैशाखात भुसावळला अंगणात सडा टाकून बघा, वळून पाहीपर्यंत वाळलेला असतो. तेव्हा ‘डोळ्यातलं पाणी टिकत नाही’ असंच लिहा. आयुर्वेदातलं ‘शुष्काक्षिपाक’ मात्र कृपा करून नको.

तापीकाठ:
हे पटलं. आणि ‘संप्रेरक’?

जुनी वही:
शब्द सुरेख आहे. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंगने 1905 मध्ये ‘हार्मोन’ रूढ केला तो ‘चालना देणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. मराठीने तोच अर्थ नेमका पकडला. पण चोपड्याच्या बाजारात कोण बोलतं हा? ‘हार्मोन’ तरी डॉक्टरच्या तोंडून ऐकलेला असतो.

सातपुडा:
माझी खोड ‘बिंदू’वर. मोतीबिंदू आजार, काचबिंदूही आजार. पण पीतबिंदू हा निरोगी डोळ्याचाच भाग, दृष्टिपटलाचा, म्हणजे डोळ्यातल्या मागच्या पडद्याचा, मधला पिवळसर ठिपका. माझ्या मावशीला ‘पीतबिंदूची झीज’ सांगितली, तर ती म्हणाली, “बिंदू झिजतोय ना, मग बरंच आहे!” मोतीबिंदू काढून टाकतात, हे तिला ठाऊक. तिला दाराची उभी चौकट नागमोडी दिसत होती. पत्रकात ते लक्षण आधी टाका, नाव मागून.

तापीकाठ:
बायका विचारतातच: मग हार्मोनच्या गोळ्या घेतल्या तर?

जुनी वही:
डोळ्यांसाठी म्हणून नाही. 2001 साली अमेरिकेतल्या पंचवीस हजारांहून अधिक पाळी गेलेल्या बायकांच्या अभ्यासात गोळ्या घेणाऱ्यांत, विशेषतः नुसतं इस्ट्रोजेन (पाळी गेल्यावर घटणारं बायकांचं हार्मोन) घेणाऱ्यांत, हा कोरडेपणा उलट जास्त आढळला. एरवी ‘इस्ट्रोजेन कमी झालं’ म्हटलं की सगळं उलगडलं असं वाटतं, ते इथे फसतं.

तापीकाठ:
पत्रक आता असं: ‘पाळी गेल्यावर डोळ्यातलं पाणी टिकत नाही.’ अडचण वेगळीच निघाली. घरोघरी वाचून दाखवणार नातू, आणि तो ‘पाळी’पाशी अडखळून थेट पुढच्या ओळीवर जातो. आशाताईंना वाचायला सांगितलंय.