पिकअपच्या मागच्या पाट्यांचे बुश ६ महिन्यांतच फाटले, यावेळी घरी बदलायचे आहेत

कळमना_फेरी:
पिकअपला मागे पाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) आहेत. काटोल-नरखेडहून नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याच्या फेऱ्या असतात. स्पीडब्रेकरवरून उतरताना मागून डावीकडे ‘ठक्’ असा लोखंडी आवाज येतो. क्लच सोडताना एकदा आणि ब्रेक दाबला की पुन्हा तोच. बुश ६ महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये बदलले होते, पण पाट्याच्या पुढच्या आयच्या (टोकाच्या गोल कड्याच्या) बुशाचं रबर आत्ताच गोल फाटलेलं दिसतंय. माझ्याकडे २ जॅक, २ घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), गोटी पान्यांचा सेट आणि ड्रिल आहे, प्रेस नाही. पाटे पूर्ण उतरवावे लागतील का? आणि रबरच घ्यावं की पीयू (पॉलियुरेथेन)?

वाडी_पाटेवाला:
भाऊ, बुश इतक्या लवकर का गेला ते आधी समजून घ्या, नाहीतर नवाही तसाच जाईल.

या बुशात बाहेर लोखंडी कवच, आत लोखंडी नळी आणि दोघांना चिकटवलेलं रबर असतं. बोल्ट कसला की चेसिसवरच्या ब्रॅकेटच्या दोन्ही गालांमध्ये आतली नळी घट्ट आवळली जाते. त्यानंतर बोल्टही फिरत नाही आणि नळीही नाही. पाटा खालीवर झाला की फक्त रबर पिळतं. गाडी उचललेली आणि एक्सल खाली लोंबतोय अशा स्थितीत नट कसला, तर रबराची ‘सरळ’ स्थिती तिथेच ठरते. मग गाडी जमिनीवर आल्याबरोबर रबर पिळलेलंच राहतं, वर माल भरला की आणखी पिळतं. असं कायम ताणात राहिलेलं रबर नळीभोवती गोलाकार फाटतं. तुमची खूण हुबेहूब तीच आहे. बुशाच्या मालाला दोष देण्याआधी नट कोणत्या स्थितीत कसला होता ते पाहा.

याची उलट चूकही होते. नट ढिला राहिला तर नळीत बोल्ट फिरतो आणि बोल्ट, नळी, ब्रॅकेटचं भोक असं तिन्ही खातो.

क्लच आणि ब्रेकला आवाज येतो म्हणजे संशय पुढच्या आयवरच जातो, कारण गाडी पुढे ढकलण्याचा आणि थांबवण्याचा सगळा जोर तिथूनच चेसिसला जातो. पाट्याचं मागचं टोक धरणारं शॅकल झुलतं, ते हा जोर घेत नाही. तरी प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या एक्सलला जोर देणाऱ्या दांड्याचा) क्रॉस म्हणजे सांधा हाताने पिळून बघा, तोही क्लच सोडताना असाच ठोकतो. पाटा एक्सलला धरणारे यू-बोल्ट आणि पाट्याच्या पट्ट्या मधोमध बांधणारा सेंटर बोल्टही तपासा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. स्टिअरिंग सरळ असतानाही ठळक फरक आला तर एक्सल सरकलाय.

हिंगणा_फिटर:
पाटे पूर्ण उतरवू नका, यू-बोल्ट तसेच राहू द्या. एका वेळी एकच बाजू आणि त्यातही एकच टोक सोडायचं, म्हणजे एक्सल जागेवर राहतो.

जागा सिमेंटची घ्या. काळ्या मातीच्या अंगणात पावसाळ्यात घोडी रुतते आणि तिरकी होते. डांबरही मे महिन्यात दुपारी मऊ पडतं, तिथे खाली जाड फळी हवीच. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी लावा. हँडब्रेकच्या भरवशावर राहू नका, तो मागच्याच चाकांना धरतो आणि मागचा भाग उचलला की त्याचा उपयोग शून्य. घोड्या चेसिसखाली, पाट्याच्या ब्रॅकेटच्या पुढे. दुसरा जॅक एक्सलखाली. ब्रेकची रबरी नळी आणि एक्सलला जोडलेली लोड व्हॉल्व्हची (भारानुसार मागचा ब्रेक कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्व्हची) दांडी ताणली जात नाही ना, हे प्रत्येक वेळी एक्सल खाली घेताना बघा.

नट काढल्यावर बोल्टावर हातोडा मारत सुटू नका. एक्सलखालचा जॅक बोटभर वर-खाली करा. पाट्याचा भार बोल्टावरून सुटला की बोल्ट हाताने हलतो. ठोकावंच लागलं तर नट परत बोल्टाच्या टोकाला सपाट बसेपर्यंत चढवा, नाहीतर आटे फुगतात.

जुना बुश काढायला रबरात नळीभोवती ड्रिलने जवळजवळ भोकं पाडा आणि नळी बाहेर ढकला. मग हॅक्सॉचं ब्लेड आयमधून ओवून फ्रेमला लावा आणि कवच एका जागी लांबीभर कापा. काप जवळजवळ पूर्ण झाला की आवाज बदलतो, तिथे थांबा. आयला खोल चर पडला तर पुढे तिथूनच पाटा तुटेल. मग बारीक छिन्नीने कवच आत दुमडा, ते सैल होऊन निघतं. गॅसने रबर जाळायचा सोपा मार्ग कुणी सांगेल, तो घेऊ नका. आयला ताव लागला की पाट्याचं पाणी उतरतं, शिवाय डिझेलची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या जवळच असतात.

नवा बुश बसवायला प्रेस लागत नाही. १६ मिमीचा ८.८ ग्रेडचा आट्यांचा रॉड, २ नट आणि जाड वॉशर घ्या. एका बाजूला बुशाच्या बाहेरच्या व्यासापेक्षा २-३ मिमी मोठं भोक असलेला पाइपचा तुकडा, दुसऱ्या बाजूला आयमध्ये जेमतेम जाईल अशी पान्याच्या सेटमधली गोटी (सॉकेट). गोटी फक्त बाहेरच्या कवचावर टेकली पाहिजे. नळीवर जोर आला तर चिकटवलेलं रबर बसवतानाच सुटतं. आय एमरीने साफ करा, आत साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा ऑइल रबराला लावू नका, ते फुगतं. पहिला सेंटिमीटर बुश सरळ जातोय का ते चारही बाजूंनी बघत राहा. तिरका घुसला तर लगेच मागे घ्या.

कळमना_फेरी:
सविस्तर सांगितलंत, आभारी आहे. डाव्या बाजूचा बोल्ट नळीतच गंजून धरलाय असं वाटतं. पाना लावला की बोल्टासोबत नळीही फिरते. आणि पीयूचं काय?

हिंगणा_फिटर:
तो बोल्ट वाचवू नका. रात्रभर गंज सोडवणारं तेल मारून पाहा. नाही सुटला तर ब्रॅकेटचा गाल आणि बुश यांच्या फटीत हॅक्सॉ ब्लेड घालून दोन्हीकडून कापा. नवा बोल्ट तेवढ्याच ग्रेडचा हवा आणि नळीच्या लांबीत त्याला आटे नकोत. पूर्ण आट्यांचा बोल्ट तिथे लवकर झिजतो. लॉक नट नवेच लावा. ब्रॅकेट किंवा शॅकल पट्टीचं भोक लांबट झालं असेल तर नवा बुशही ठोकत राहील, आधी ते दुरुस्त करा.

वाडी_पाटेवाला:
पीयू टिकतं, पण हादरा जास्त देतं. ते पिळत नाही, नळीवर फिरतं, म्हणून त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं आणि कोरडं पडलं की किरकिर करतं. या मालवाहू गाडीला मी चांगलं रबरच सांगेन. दोन्ही बाजूंचे एकदम बदला.

बोल्ट परत घालताना भोकं जुळली का हे बोटाने चाचपू नका. पाटा सरकला तर बोट तिथेच कापलं जाईल. टॉमीने (लोखंडी दांड्याने) जुळवा. एक्सल पुढे-मागे हवा असेल तर रॅचेट पट्ट्याने ओढा.

नट फक्त हातघट्ट ठेवून गाडी खाली घ्या. खाली शिरायला जागा नसेल तर घोड्या चेसिसखालून काढून एक्सलखाली लावा. भार चाकांवर असला काय किंवा एक्सलवर असला काय, पाट्याला एकच. मागचा भाग दोन-तीनदा दाबून सोडा, पाटे बसले की मग टॉर्क पान्याने तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे कसा. माल भरून नाही, रिकाम्या गाडीवर. काटोलच्या २-३ फेऱ्या झाल्या की त्याच स्थितीत पुन्हा एकदा पाना लावून बघा.