एल्डन रिंग: राणी मारिकाने ओस गावात झाड का लावलं?

खाडीकाठचा

नमस्कार मंडळी. 'एल्डन रिंग' या व्हिडिओ गेमचा 'शॅडो ऑफ द एर्डट्री' हा पुढचा भाग ज्यांचा खेळून व्हायचाय त्यांनी इथेच थांबा, पुढे सगळं फुटणार आहे.

मी आचऱ्याचा. आमच्याकडे दर तीन-चार वर्षांनी गावपळण असते. बाहेरच्यांसाठी सांगतो. रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री-मांजरं घेऊन शिवेबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री झोपड्यांत राहायचं आणि परतीचा कौल मिळाला की घरी यायचं. लहान असताना मला ती सहल वाटायची. बारावीत असताना मात्र परतीच्या वेळी मी सायकल दामटत सगळ्यांच्या पुढे आलो आणि आमच्या वाडीत पहिला पोचलो. खळ्यात पाचोळा. विहिरीची दोरी सुकून काठीसारखी कडक झालेली. पायरीवर मी विसरलेल्या चपला होत्या तशाच, एकीत मुंग्यांनी माती काढलेली. आमच्याच घराची कडी काढायला माझा हात होईना. दहा मिनिटं झाली असतील, मग मागून गुरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या आणि जीव भांड्यात पडला.

गेममधल्या शामन व्हिलेजमध्ये, म्हणजे मारिकाच्या ओस पडलेल्या गावात, शिरलो तेव्हा मला ती दहा मिनिटं आठवली. तिथे मागून घंटा येतच नाहीत.

गेम आला २५ फेब्रुवारी २०२२ला आणि हा पुढचा भाग २१ जून २०२४ला, म्हणजे आमच्याकडे ऐन पावसात. दिवसातून चारदा लाइट जायची, डाऊनलोड व्हायलाच मला चार दिवस लागले. पहिल्या गेमचे जवळजवळ तीनशे तास मी त्यातल्या देवी-राणी मारिकाचा राग राग करत घालवले होते. कारणंही तशीच होती. अग्निराक्षसांचा तिने वंश संपवला आणि जो एक उरला त्याला कायमचं त्या आगीची राखण करायला बसवलं. तिची स्वतःची जुळी मुलं, मॉर्गॉट आणि मोह्ग, शिंगं घेऊन जन्मली, तर त्यांना राजधानीखालच्या गटारात कोंडलं. मरणाचा रून, म्हणजे ज्यातून मरण येतं ती जादूची खूणच, जगातून काढून तिचा राखणदार मलिकेथ याच्याकडे बंद करून ठेवला, त्यामुळे लोक धड जगत नाहीत आणि मरतही नाहीत. एवढं करून शेवटी त्या जगाचे नियम ज्यात बांधलेले होते ती एल्डन रिंगच स्वतः फोडली. अशा देवीला क्रूर म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

आणि मग ते गाव. शॅडो कीप किल्ल्याच्या मागे, वाटेत घोड्यावरचे ट्री सेंटिनल पहारा करतायत. गावात शत्रू एकही नाही. चारसहा पडक्या झोपड्या, गुडघाभर गवत, फुलं, आणि मधे एक छोटं सोनेरी झाड. तिथे जो मंत्र मिळतो त्याच्या वर्णनात लिहिलंय की मारिकाने आपलं जन्मगाव या सोन्यात न्हाऊ घातलं, आणि तिथे बरं करायला कोणी उरलेलं नाही हे तिला पुरतं ठाऊक होतं. मी ते तीनदा वाचलं. पुढे आजीमायच्या मूर्तीपाशी एक सोनेरी वेणी पडलेली असते. मारिकाने कापून वाहिलेली. तिने काय मागितलं, काय कबूल केलं, ते सांगायला कोणी नाही, आणि ती परत कधी माहेरी आली नाही.

गाव ओस का पडलं ते बॉनी व्हिलेजमध्ये कळतं. हॉर्नसेंट, म्हणजे शिंगवाले लोक, या शामन बायकांना पकडून, कापून, गुन्हेगारांच्या मांसाबरोबर रांजणांत भरत. शामनचं मांस दुसऱ्याच्या मांसात चांगलं मिसळतं म्हणून. वर समजूत अशी की यातून संत जन्माला येतात.

मारिका असं का वागली, यावर मी वाचलेली बहुतेक मतं तीन प्रकारची आहेत. एक, तिला सत्ता हवी होती. दोन, ती ग्रेटर विल या वरच्या देवशक्तीच्या हातातली बाहुली. तीन, सूड. सूड खरा आहे, तिच्या मुलाने, मेस्मरने, हॉर्नसेंटांचं काय केलं ते दिसतंच. पण सूड घेणारा मरण कशाला बंद करेल? सूड घ्यायचा तर मरण हवंच की. माझं म्हणणं असं की तिने मरण काढून टाकलं ते त्या रांजणांमुळे. आपलं माणूस पुन्हा कधी जाऊ नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं. बाकी सगळं त्यापायी झालं, आणि ते भयंकर झालं.

तुम्हाला पटतं का? नसेल पटत तर नीट खोडून काढा. गेला आठवडाभर माझ्या डोक्यातून हे जात नाहीये.

कातळशिल्प

छान लिहिलंयस, पण मला नाही पटलं. तू काउंट यमिर या पुजाऱ्याला विसरलास.

यमिरची कामं शेवटपर्यंत केलीस का? तो काय सांगतो बघ. मारिका आणि तिला वाट दाखवणाऱ्या फिंगर्स (ग्रेटर विलचे निरोप आणणारी बोटं), दोन्ही पहिल्यापासूनच बिघडलेल्या होत्या. सगळ्या फिंगर्सची आई मेटिर, तिलाच ग्रेटर विलने टाकून दिलेलं. तिकडून निरोप येणं केव्हाच बंद झालं होतं आणि खाली सगळे देवाची आज्ञा, देवाची आज्ञा म्हणून माना डोलावत होते.

आमच्या राजापूरकडे एका वाडीत मी लहानपणी पाहिलंय. एका माणसाच्या अंगात अवसर यायचा. लोक दूरदुरून प्रश्न घेऊन यायचे आणि तो सांगेल ते करायचे. घरं मोडली त्यापायी, भाऊ भावाशी बोलेनासा झाला. पुढे तोच माणूस म्हातारपणी माझ्या आजोबांना म्हणाला, शेवटची कितीतरी वर्षं काहीच येत नव्हतं, पण लोक पायरीवर बसलेले असायचे, मग बोलायचो. मेटिरशी लढताना मला तो आठवला.

म्हणून मारिकाच्या मनात काय होतं हा प्रश्नच मला दुय्यम वाटतो. तिने कौल लावला आणि उत्तर देणारा जागेवर नव्हता. मरण काढायची कल्पना तिची स्वतःची होती की त्या बिघडलेल्या बोटांची, हे गेममध्ये कुठेच स्पष्ट नाही. तू ती तिच्या दुःखातून आली म्हणतोस ते तुझं मन म्हणतंय.

सुरंगी

वेंगुर्ल्याहून लिहितेय. खाडीकाठचा, तुमचं वाचून मीही ते गाव परत जाऊन पाहिलं, पण मला तुमच्याइतकं सहज वितळता येत नाही.

मेस्मरकडे बघा. पोटचा मुलगा. त्याच्यात साप आहे म्हणून एक डोळा तिने स्वतःच्या हाताने बंद केला, त्याला आग घेऊन हॉर्नसेंटांवर सोडलं, आणि काम झाल्यावर सगळा मुलूखच पडद्याआड टाकला, मुलासकट. तो शेवटपर्यंत आईच्या शब्दाची वाट बघत बसलाय. आपलं माणूस जाऊ नये असं जिला वाटतं ती पोटच्या पोराला असं टाकेल? आणि शिंगांचं तर तुम्ही जेमतेम एका ओळीत उरकलंत. साध्या घरात शिंगवालं मूल जन्मलं तर त्याची शिंगं छाटत, त्यात बहुतेक मुलं मरत. राजघराण्यातली असली तर छाटत नसत, जमिनीखाली जन्मभर कोंडत. ज्या शिंगवाल्यांनी तिच्या बायका रांजणात भरल्या त्यांचीच शिंगं तिच्या कुशीत उगवली. तेव्हा ती घाबरली असेल, मला समजतं. पण गटारात बसलेल्या त्या दोन पोरांना त्याचं काय?

दुसरं. हॉर्नसेंटांना आपण पाप करतोय असं वाटत नव्हतं, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. तिथलं एक भूत त्या शामनला समजावतं, अगदी मायेने, की तुझी जागा रांजणातच, तुझा जन्मच त्यासाठी. आपल्या दक्षिण कोकणात आणि गोव्यात देवळाला बायका वाहायची चाल होती, भाविणी म्हणत. मुंबई इलाख्यात त्याविरुद्ध कायदा व्हायला १९३४ साल उजाडलं. तेव्हाही हेच सांगत असतील, तुझा जन्म देवासाठी, तुझं भाग्य मोठं. माझ्या पणजीच्या तोंडून मी अशा एका बाईची गोष्ट ऐकली आहे. ती बाई पुढे देवळाच्या वाटेलासुद्धा गेली नाही, पण आपल्या सुनेला तिने सुखाने जगू दिलं नाही. पणजी ही गोष्ट सांगायची तेव्हा त्या बाईला वाईट म्हणायची नाही आणि चांगलंही म्हणायची नाही. आता पुरे एवढंच म्हणायची आणि उठायची.

रापणवाला

माझे दोनच मुद्दे.

पहिला म्हणजे ह्यूग लोहार. राउंडटेबल या आपल्या मुक्कामाच्या जागी साखळीला बांधलेला. देवाला मारेल असं हत्यार घडव, असं त्याला मारिकानेच सांगितलंय. देव तर तीच आहे! म्हणजे आपल्याला कोणीतरी मारावं याची सोय ती आधीच करून ठेवते. ब्लॅक नाइफवाल्या मारेकरी बायकांबद्दलही, त्या मारिकाच्या जवळच्या, तिच्याच न्यूमेन वंशातल्या होत्या अशी कुजबुज गेममध्येच आहे. तिच्याच घरातून मरण परत आलं आणि तिचा मुलगा गॉडविन गेला. ते तिने घडवलं का हे मी सांगू शकत नाही, पण खाडीकाठच्याचं खरं धरलं तर तिचाच बेत तिच्यावर उलटला. त्यानंतर ती रिंग फोडते. मला हे जुळतंय.

दुसरा म्हणजे मला ते गाव सापडलंच नाही. शॅडो कीपच्या मागे दोन रात्री भटकलो. रापणीला पहाटे जायचं असतं, आणखी रात्री घालवायला परवडत नाही. वाट कोणी नीट सांगेल का?

खाडीकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. कालपासून चार वेळा वाचलं.

कातळशिल्प, तुझा मुद्दा मी मान्य करतो. मरण काढायची कल्पना कोणाची हे सिद्ध करता येत नाही. पण ते छोटं झाड मात्र तिचंच आहे. त्या मंत्राच्या वर्णनात स्पष्ट म्हटलंय की त्यात नुसती सोन्याची माया आहे, ऑर्डर (देवाची ठरवलेली व्यवस्था) नाही. म्हणजे कुठल्या बोटाने सांगितलं म्हणून तिने ते लावलं नाही. तिथे तिला आज्ञा नव्हती, बघणारं कोणी नव्हतं, फायदाही नव्हता. एखाद्याच्या मनात काय आहे ते अशाच कामावरून ओळखायचं, असं मला वाटतं.

सुरंगीताई, तुमच्यापुढे मला उत्तर नाही. मेस्मरचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे. मी तिला माफ करायला निघालो होतो आणि तो अधिकार माझा नव्हता, त्या दोन पोरांचा होता. तुमच्या पणजीची गोष्ट वाचून मी फोन ठेवून बाहेर पडवीत जाऊन बसलो.

एक राहिलं होतं ते सांगतो. पहिल्यांदा त्या गावात गेलो तेव्हा आजी माजघरात माझ्या मागेच फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. तिला गेममधलं काही कळत नाही, पण वेणी दिसल्यावर तिने विचारलं, ही कोणाची? मी जमेल तसं सांगितलं. राणी आहे, देवी झाली, हे तिचं माहेर, आजीमायला केस वाहून गेली. आजीच्या हातातली आठळी तशीच राहिली. म्हणाली, "आणि हिच्या म्हायेराक कोणच उरूक नाय? मगे गाऱ्हाण्याक होय कोण म्हणतलो?"

आपल्याकडे गाऱ्हाणं घालणारा एकटा कधीच नसतो. तो "बा देवा म्हाराजा" म्हणतो आणि प्रत्येक वाक्याला मागचे सगळे "होय म्हाराजा" म्हणतात. तो होकार नसेल तर गाऱ्हाणं पुरं होत नाही. मारिकाने वेणी वाहिली तेव्हा तिच्या मागे कोणी नव्हतं. मी इतके दिवस तिने काय मागितलं याच्या मागे लागलो होतो, आजीने एका दमात दुसरंच विचारलं.

रापणवाला, वाट सांगतो. आधी बॉनी व्हिलेजला जा, तिथे 'ओ मदर' हा हावभाव मिळतो, तो घेतल्याशिवाय पुढचं काही होत नाही. मग शॅडो कीपच्या चर्च डिस्ट्रिक्टमधलं पाणी उतरव, खाली जा आणि मागच्या बाजूला मारिकाचा पुतळा लागेल त्याच्यासमोर तो हावभाव कर. वाट उघडेल. पुढे ट्री सेंटिनल आहेत, त्यांच्याशी लढत बसू नकोस, घोडा दामटव आणि बाजूने निघून जा. गावात शिरलास की घोड्यावरून उतर. मंत्र झाडापाशीच आहे, वेणी त्याच्या पुढे. वेणी उचलायच्या आधी आवाज थोडा वाढव, वारा ऐकू येतो.