पर्यावरण व व्यावसायिक आरोग्य : अमेरिकेतील प्रवेश आणि खर्चाची सोय

लोटेकर :
नमस्कार. रसायनशास्त्रात एमएस्सी करून मी तीन वर्षांहून अधिक काळ लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या सुरक्षा विभागात काम करत आहे. कामगाराच्या कॉलरला वाफ शोषणाऱ्या कोळशाने भरलेली नळी आणि कमरेला पंप लावून पाळीभर टोल्युईन या द्रावकाच्या वाफेचा नमुना घेणे, पाळीच्या आधी व नंतर पंपाचा प्रवाह तपासणे, ही कामे माझ्याकडे असतात. याच विषयात अमेरिकेत पुढे शिकण्याची मनापासून इच्छा आहे. परंतु एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी), एमएस (विज्ञानातील पदव्युत्तर पदवी) की थेट पीएचडी, हे ठरत नाही. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठासारख्या काही ठिकाणी फी आणि विद्यावेतन दोन्ही देणाऱ्या ‘ट्रेनीशिप’चा उल्लेख दिसतो. ती भारतीय विद्यार्थ्याला मिळते का? जमीन तारण ठेवून कर्ज काढण्याची घरच्यांची तयारी आहे, पण ती वेळ त्यांच्यावर येऊ नये असे वाटते.

निळासागर :
आपण ज्या ट्रेनीशिपविषयी वाचले, ती बहुधा ‘निओश’ या कामगारांची सुरक्षा व आरोग्य यांवर संशोधन करणाऱ्या अमेरिकी संघराज्य संस्थेच्या अनुदानातून चालणाऱ्या शिक्षण व संशोधन केंद्रांची असावी. 1970 च्या कायद्याने ही संस्था स्थापन झाली आणि अशी केंद्रे देशभरातील विद्यापीठांत आहेत. औद्योगिक स्वच्छता (कामाच्या जागेतील घातक घटक मोजून आटोक्यात ठेवण्याचे शास्त्र), व्यावसायिक वैद्यक, परिचर्या आणि सुरक्षा या शाखांतील विद्यार्थ्यांना त्यातून मदत होते. मात्र हा पैसा अमेरिकी नागरिक व कायम रहिवासी यांच्यासाठीच असतो. एनआयएच या अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या प्रशिक्षण अनुदानालाही हीच अट आहे. म्हणून त्या आशेवर अर्जाची आखणी करू नये.

आपल्यासाठी मुख्य मार्ग म्हणजे संशोधन साहाय्यक म्हणून काम. प्राध्यापकाच्या संशोधन प्रकल्पातून मिळणाऱ्या या पदाला सहसा नागरिकत्वाची अट नसते, आणि ते मिळाल्यास फी माफ होऊन विद्यावेतनही मिळते. परंतु प्राध्यापक हा पैसा संशोधनासाठीच खर्च करू शकतात, त्यामुळे तो पीएचडीच्या आणि काही प्रमाणात प्रबंधासह एमएस करणाऱ्या विद्यार्थ्यांकडे जातो. एमपीएच करणारे बहुतेक स्वतःच्या खर्चाने शिकतात. खर्चाची सोय हवी असेल तर एमपीएचचा विचार सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. 2025 च्या एप्रिलमध्ये निओशच्या कर्मचाऱ्यांत मोठी कपात जाहीर झाल्यापासून या क्षेत्रातील प्राध्यापकही अनुदानाबाबत साशंक आहेत. तेव्हा प्राध्यापकांना पत्र लिहिताना ‘पुढील वर्षी आपल्या प्रकल्पात विद्यार्थ्यासाठी तरतूद आहे का’ हे सरळ विचारावे. त्यात कोणी गैर मानत नाही.

वाचक_सांगली :
फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपही पाहावी. तिच्या विषयांत सार्वजनिक आरोग्य आणि पर्यावरणशास्त्र आहे आणि तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो, तो आपल्याकडे आहे. शिक्षणानंतर मात्र भारतात परतावे लागते. जे. एन. टाटा एंडोमेंट 1892 पासून चालू आहे, पण ती कर्जरूपाची मदत आहे. आपण अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध प्रवर्गातील असाल, तर राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पाहा. इतर प्रवर्गांसाठीही वेगळ्या योजना आहेत. उत्पन्नाची आणि विद्यापीठाच्या क्रमवारीची अट त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचावी.

लोटेकर :
दोघांचे मनःपूर्वक आभार. प्रवेशअर्जासोबतच्या उद्देशपत्रात कारखान्यातील कामाविषयी किती लिहावे?

निळासागर :
भरपूर, पण नेमके लिहावे. ‘कामगारांच्या आरोग्याची तळमळ आहे’ असे प्रत्येक अर्जदार लिहितो. नमुना कोणत्या कामाच्या वेळी घेतला, मिश्रणपात्राचे झाकण उघडताना वाफेचे प्रमाण वाढते पण पाळीच्या सरासरीत ती वाढ कशी दडून जाते, स्थानिक वायुवीजन (वाफ उगमापाशीच ओढून घेणारी यंत्रणा) बसवल्यावर फरक पडला का, हे लिहिणारा अर्जदार विरळा. मोजमापातून आपल्या मनात जो प्रश्न उरला आहे, तोच संशोधनाचा विषय म्हणून मांडावा आणि त्यावर काम करणाऱ्या प्राध्यापकांची नावे द्यावीत. कारखान्याचे नाव किंवा त्याची गोपनीय आकडेवारी मात्र परवानगीशिवाय देऊ नये.

एक व्यवहाराची गोष्ट. अनेक विभाग ‘सोफास’ या सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमांसाठीच्या सामायिक प्रणालीतून अर्ज घेतात आणि परदेशी गुणपत्रकांचे डब्ल्यूईएस या पदव्या पडताळणाऱ्या संस्थेकडून मूल्यांकन मागतात. पीएचडीची मुदत बऱ्याच ठिकाणी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते. आपल्या विद्यापीठाकडून गुणपत्रके मोहोरबंद लिफाफ्यात पाठवून घ्यायला वेळ लागतो. ते काम ऑगस्टमध्येच हाती घ्यावे.