खांद्याचे भाग छातीला चिकटवू नका

वेशभूषेसाठीच्या चिलखताबद्दल एकांनी लिहिलंय की प्लास्टिकचे तुकडे ग्लूगननं (गरम गोंद सोडणाऱ्या पिस्तुलानं) जोडले की पुरे. सावलीतल्या स्टेजवर ठीक, पण आमच्या खान्देशात नाही. 9 मेला महाराणा प्रताप जयंतीच्या मिरवणुकीसाठी भाच्याला चिलखत बांधलं होतं. जळगावचा मे म्हणजे पारा पंचेचाळिशीकडे, आणि उन्हात काळं प्लास्टिक तर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. अर्ध्या तासात ग्लू मऊ पडला, तार धरून लोंबायला लागला आणि डावा खांदा पोरानं हातात धरून उरलेली मिरवणूक काढली. फार वाईट वाटलं मला.

दुसरं असं की हात वर केला की खांदा आणि छाती एकमेकांपासून सरकतात. तिथे पक्का जोड दिला तर तो तुटणारच, चिकट कितीही भारी असो. आता मी खांदा दोन इंची इलॅस्टिकवर टांगतो आणि ते इलॅस्टिक टिचबटणांनी अडकवतो. बॅगा शिवणाऱ्याकडून नायलॉनच्या पट्टीवर टिचबटणं ठोकून घ्यायची (मशीन त्याच्याकडे असतं), प्लास्टिकची आतली बाजू पॉलिशपेपरनं खरबरीत करायची आणि पट्टी चांभाराच्या सोल्यूशननं बसवायची. सोल्यूशन पट्टी आणि प्लास्टिक दोन्हीला लावून दहा मिनिटं सुकू द्या, मगच दाबा. बटण थेट प्लास्टिकला ठोकू नका, भोकापासून तडा जातो. छाती-पाठीला बगलेखाली बक्कल लावा, म्हणजे पाणी प्यायला थांबलं की पोराला दोन मिनिटं सैल करून वारा घेता येतो.