शीत, वानगी, नमुना: 'अनुमान' नेमकं कशावरून काढायचं?

ओसरी

एका आरोग्य पाहणीच्या अहवालाचं मराठी करते आहे. जिल्ह्यातल्या काही निवडक घरांत जाऊन माहिती घेतली आणि तिच्यावरून अख्ख्या जिल्ह्याबद्दल काही विधानं केली, एवढाच त्यातल्या एका प्रकरणाचा गाभा. मी शीर्षक दिलं, 'नमुन्यावरून समष्टीविषयी अनुमान'. तपासणाऱ्या बाईंनी तिन्ही शब्द लाल करून परत पाठवले. नमुन्याचं 'प्रतिदर्श', समष्टीचं 'लोकसंख्या' आणि अनुमानाचं 'अंदाज'. पहिला बदल मला जड वाटतो, दुसरा चुकीचा. तिसऱ्याबद्दल मात्र मी स्वतःच डळमळीत आहे, कारण बोलताना मीही 'माझा अंदाज' आणि 'माझं अनुमान' एकाच दमात म्हणते. आपल्याकडे 'शितावरून भाताची परीक्षा' आहेच. मग हे शब्द इतके अवघड का होऊन बसले?

खळं

लोकसंख्या नको, अजिबात नको. मराठीत लोकसंख्या म्हणजे आकडा. 'गावाची लोकसंख्या किती?' याला उत्तर 'तीन हजार दोनशे' असं येतं, 'गावातली माणसं' असं येत नाही. त्यामुळे 'लोकसंख्येविषयी अनुमान' वाचलं की वाचणारा जनगणनेकडे वळतो. शिवाय तुमच्या अहवालात घरं मोजली असणार, माणसं नव्हेत. उद्या कुणी विहिरींची पाहणी केली, हापूसच्या पेट्यांची केली, तर काय विहिरींची लोकसंख्या म्हणायचं?

समष्टी ठेवा. व्यष्टी-समष्टी (एकटा आणि सगळे) ही जोडी तत्त्वज्ञानातून आली खरी, पण संख्याशास्त्राच्या मराठी पुस्तकांत समष्टी रुळलेली आहे. ज्याच्याबद्दल बोलायचंय तो सगळाच्या सगळा समूह, मग तो माणसांचा असो की पेट्यांचा. पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ सांगून टाका आणि पुढे चला.

मोडीवाचक

'नमुना' फारसीतून आला आणि आपल्याकडे असा मुरला की त्याने निदान तीन धंदे लावून घेतले. महसुलात नमुना म्हणजे ठरवून दिलेला तक्ता: गाव नमुना 7, गाव नमुना 12, 8अ. सात-बारा हातात घेणाऱ्या कितीजणांच्या लक्षात येतं की तो दोन 'नमुन्यांचा' जोड आहे? दुकानात नमुना म्हणजे मालाची चुणूक. आणि चारचौघांत 'काय नमुना आहे!' म्हणजे काय, ते सांगायला नको. गंमत अशी की हा तिसरा अर्थ संख्याशास्त्राच्या बरोबर उलटा आहे. ज्याच्यासारखा दुसरा सापडणार नाही तो 'नमुना'!

त्याच्या जोडीला दोन जुने शब्द बघा. 'वानगी' म्हणजे मालातून दाखवायला काढलेला थोडा भाग. आता तो 'वानगीदाखल'मध्येच उरलाय. दुसरा 'वानवळा'. शेतात नवं काही आलं की शेजारीपाजारी, लेकीच्या घरी पाठवतात तो. आमच्या आजीचा वानवळा म्हणजे पाटीतली सगळ्यात कोवळी वांगी. किडकं वांगं वानवळ्यात गेलेलं मी पाहिलेलं नाही. वानगीचंही तेच, ती विकणारा काढतो, म्हणजे चांगलंच काढतो. म्हणून कानाला कितीही गोड लागले तरी हे दोन्ही शब्द ओसरीताईंच्या कामाचे नाहीत. त्यांच्या अर्थातच निवड करणाऱ्याचा हात आहे. नमुन्यात तो हात तितका दिसत नाही.

'प्रतिदर्श' विश्वकोशी मराठीत आहे, हिंदीतही आहे. एक गोष्ट त्याच्या बाजूने बोलते: परिभाषा वाढवायची तर तो वळतो. नमुन्यावरून काढलेल्या आकड्याला 'प्रतिदर्शज' म्हणता येतं, समष्टीच्या खऱ्या आकड्याला 'प्राचल' आहेच. 'नमुनाज' कोण म्हणणार? पण तुमचा अहवाल तालुक्याच्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी वाचायचा असेल, तर नमुनाच. केंद्र सरकारची 1950 साली सुरू झालेली पाहणीसुद्धा मराठीत राष्ट्रीय नमुना पाहणी म्हणूनच ओळखली जाते.

आकडेमोड

तिसऱ्या शब्दावर मी बोलतो. वीस वर्षं हेच शिकवतोय.

अनुमान हा न्यायशास्त्रातला, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातला शब्द. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथे आग आहे. जे दिसलं त्यावरून जे दिसत नाही तिथवर जायचं, पण जाण्याला कारण हवं. आपल्या विषयाला त्याहून जवळचं उदाहरण सांख्यकारिका या सांख्य तत्त्वज्ञानाच्या ग्रंथावरच्या गौडपादांच्या भाष्यात आहे. समुद्राचं घोटभर पाणी चाखलं, खारट निघालं, म्हणजे उरलेलंही खारट. याला ते 'शेषवत्' अनुमान म्हणतात. 'शेष' म्हणजे उरलेलं! आणि शिताची म्हणही आजची नाही. संस्कृतात तिला स्थालीपुलाकन्याय म्हणतात, पतंजलींच्या महाभाष्यात वाक्यच आहे: 'पर्याप्तो ह्येकः पुलाकः स्थाल्या निदर्शनाय'. भांड्याची परीक्षा करायला एक शीत पुरे.

पण पुरे का? समुद्र एकजीव आहे म्हणून. भात एका पातेल्यात, एका आचेवर, एका पाण्यात शिजलाय म्हणून. जिल्हा तसा एकजीव नसतो. कुकरमध्येसुद्धा वरचा थर फडफडीत आणि तळाचा गिचका होतो, हे ज्याने घाईत कुकर लावलाय त्याला ठाऊक आहे. म्हणून एक शीत पुरत नाही, आणि जी शितं घ्यायची ती पातेलं ढवळून घ्यायची.

आता अंदाज की अनुमान? समजा 400 घरांची पाहणी केली आणि त्यातल्या 144 घरांत अमुक गोष्ट आढळली. म्हणजे 36 टक्के. 'जिल्ह्यात हे प्रमाण 36 टक्के असावं' हा अंदाज. पण प्रकरण तिथे थांबत नाही. दुसरी 400 घरं निवडली असती तर 34 आले असते, कदाचित 39. हा हेलकावा किती, ते त्याच 400 घरांवरून काढता येतं. 0.36 गुणिले 0.64, भागिले 400, त्याचं वर्गमूळ: 0.024, म्हणजे 2.4 टक्के. त्याच्या साधारण दुप्पट अलीकडे-पलीकडे गेलं की 31 ते 41. 'जिल्ह्यातलं खरं प्रमाण 31 ते 41 टक्क्यांच्या दरम्यान आहे, असं आम्ही 95 टक्के विश्वासाने म्हणतो', हे अनुमान. अंदाज त्याच्या पोटात आहे, पण चूक किती होऊ शकते हे सांगण्याची जबाबदारी अनुमान घेतं.

तेव्हा तुमच्या तपासणाऱ्या बाई अगदीच चुकलेल्या नाहीत. त्यांच्या कानात हिंदी असावी. हिंदीत अनुमान म्हणजे बहुतेक वेळा आपला अंदाज. तिकडे 'मौसम पूर्वानुमान', इकडे 'हवामान अंदाज'. मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द शिल्लक आहेत, ते एकाच खुंटीला का टांगायचे?

जाता जाता दोन गोष्टी. ते '95 टक्के विश्वास' फार फसवं आहे. विश्वास 31 ते 41 या जोडीवर नाही, रीतीवर आहे. अशाच रीतीने शंभर पाहण्या केल्या तर त्यातल्या सुमारे 95 पाहण्यांची मर्यादा खऱ्या आकड्याला कवेत घेईल. हातातली पाहणी त्या 95 मधली की उरलेल्या पाचांतली, हे कुणालाच कळत नाही. दुसरी गोष्ट: 400 घरं तालुक्यातली असोत की राज्यातली, हेलकावा जवळपास तेवढाच राहतो. पातेलं केवढं याने फारसा फरक पडत नाही. मुलांना हे पटायला दरवर्षी तीन तास जातात.

ओसरी

ढवळण्याचं पटलं. पण एक तक्रार. त्या वर्गमुळाच्या आकड्याला पुस्तकात 'प्रमाण त्रुटी' म्हणतात. माझ्या अहवालात तर 36 टक्के हेच 'प्रमाण' आहे. म्हणजे मी 'प्रमाणाची प्रमाण त्रुटी' लिहू?

आकडेमोड

लिहायचं नाही, पण परीक्षेत मुलं लिहितात आणि बरोबर लिहितात. प्रमाण म्हणजे हिस्सा, प्रमाण म्हणजे ठरलेलं माप, आणि न्यायशास्त्रात प्रमाण म्हणजे ज्ञानाचं साधन, ज्यात अनुमानही आलं. एका शब्दावर किती ओझं! तुम्ही 'टक्केवारीची प्रमाण त्रुटी' लिहा.

बांधावरचा

इतका वेळ भात चाललाय आणि शेतात कुणी गेलं नाही. पीक कापणी प्रयोग पाहिलाय का कुणी?

आमच्या शेतात एकदा झाला होता, बाजरीचा. कृषी सहायक, तलाठी आणि सोबत दोन गडी. आधी शेताचा नैर्ऋत्य कोपरा शोधला. तिथून लांबीला अमुक पावलं आणि रुंदीला तमुक पावलं, हे आकडे घरून ठरवून आणलेले, कागदावर लिहिलेले. पावलं मोजत गेले, खुंटी ठोकली, दोरी ताणली, चौकोन आखला. चौकोन पडला नेमका त्या पट्ट्यात जिथे पाणी साचून पीक पिवळं पडलं होतं. चुलते म्हणाले, "भाऊसाहेब, हितं काय घेता, वर घ्या की, वर कणसं बघा." तलाठीभाऊंनी नुसती मान हलवली. शेजारच्या मळ्यात नेमकं उलटं झालं. चौकोन जोमदार पिकात पडला आणि मालक म्हणाला, "इथलं नका धरू, विमा बुडंल." दोघांनाही वानगी द्यायची होती, फक्त वेगवेगळ्या कारणांनी. मग कापलं, मळलं, वाळवलं, वजन केलं. तेवढ्या चौकोनांवरून अख्ख्या महसूल मंडळाचं, म्हणजे गावांच्या एका गटाचं, उत्पन्न ठरतं.

शब्दांकडे या. याच कामात 'नजरअंदाज पैसेवारी' असते. पैसेवारी म्हणजे नेहमीचं पीक रुपयाएवढं धरलं तर यंदाचं किती पैसे, ते सांगणं. हिंदीत नजरअंदाज करणं म्हणजे दुर्लक्ष करणं. आमच्या चावडीवर नजरअंदाज म्हणजे डोळ्यांनी बघून केलेला अंदाज. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित, डिसेंबरमध्ये अंतिम. पन्नास पैशांच्या खाली गेली की टंचाईची चर्चा सुरू. दशमान नाणी 1957 साली आली, तरी म्हातारी माणसं अजून 'आणेवारी किती लागली?' असंच विचारतात. ओसरीताई, नजरेने ठरवतात तो अंदाज आणि दोरी टाकून ठरवतात ते अनुमान, एवढा फरक गावाला कळतो.

आणि पां. वा. सुखात्म्यांचं नाव इथे कसं आलं नाही? सातारा जिल्ह्यातल्या बुधचा माणूस. पुढे रोमला अन्न आणि कृषी संघटनेत सांख्यिकीचा संचालक झाला. त्याआधी, 1940च्या दशकात, दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत असताना कापणीचा चौकोन केवढा असावा यावरून त्यांचा आणि कोलकात्याचे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचा वाद झाला. महालनोबिसांचा कौल लहान तुकड्यांकडे होता: एकेक छोटा घ्या, पण पुष्कळ ठिकाणी घ्या. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान झाला की उत्पन्न फुगून येतं. कारण शेतात उभं राहिलं की कळतं. दोरीवर जे ताट, म्हणजे पिकाचा धांडा, येतं, ते आत धरायचं की बाहेर? हात आपोआप आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्राच्या मानाने कड जास्त, तितकी अशी उपरी ताटं जास्त. आणि असे हजार तुकडे घेतले तरी ही चूक कमी होत नाही, सगळ्या एकाच बाजूला पडतात.

या चुकीला पुस्तकात 'अभिनती' म्हणतात. मला तो शब्द सापडेपर्यंत अर्थ निसटतो. आपल्याकडे तराजूचा शब्द आहे: 'झुकतं माप'. लहान तुकडा पिकाला झुकतं माप देतो. संपलं.

मोडीवाचक

झुकतं माप फारच आवडलं. पण त्यात थोडी उदारता आहे हो. झुकतं माप आपण प्रेमाने देतो, ते नेहमी जास्तीचं असतं. पाहणीची चूक खालच्या बाजूलाही असू शकते. नुसतं 'कल' म्हणा. मोजमापाचा कल.

बांधावरचा

मान्य. कल वर आणि खाली दोन्हीकडे असतो.

खळं

एक राहिलंच. 'यादृच्छिक', म्हणजे कुणाच्या मर्जीने न झालेली निवड. वाचणाऱ्याची जीभ अडखळते म्हणून काहीजण त्याचं 'वाटेल तसा निवडलेला' करतात आणि तिथेच घात होतो. वाटेल तसा म्हणजे माणसाला वाटेल तसा. पाहणी करणारा मग डांबरी रस्त्याच्या कडेची, कुत्रं नसलेली घरं निवडतो. बांधावरच्यांच्या तलाठ्याला काहीही 'वाटलं' नाही, त्याने कागदावरची पावलं मोजली. 'सोडत' का नको? म्हाडाच्या घरांमुळे तो शब्द सगळ्यांना माहीत आहे. 'सोडतीने निवडलेली घरं' म्हटलं की प्रत्येकाला संधी होती आणि निवडणाऱ्याचा हात नव्हता, हे दोन्ही आपोआप येतं.

ओसरी

सगळ्यांचे आभार. काल बाईंशी फोनवर बोलले. समष्टी त्यांनी मान्य केली, विहिरींची लोकसंख्या ऐकून त्या हसल्याच. अनुमान शीर्षकात राहिलं आणि 36 टक्क्यांच्या वाक्यात मी स्वतःहून 'अंदाज' केलं, कारण तिथे तोच योग्य होता. नमुना मजकुरात, प्रतिदर्श फक्त मागच्या शब्दसूचीत. 'सोडतीने' वर त्या अडून बसल्या, म्हणाल्या सरकारी अहवालाला लॉटरीचा वास येतो. शेवटी 'यादृच्छिक रीतीने, म्हणजे सोडत काढून' असं दोन्ही ठेवलं.

आता पान 14 वर 'दोन तालुक्यांत लक्षणीय फरक आढळला' असं मी लिहिलंय, आणि बाईंनी समासात विचारलंय: 'लक्षणीय म्हणजे मोठा, की सार्थ?' फरक पाहिला तर जेमतेम तीन टक्क्यांचा आहे, पण पुढे जोडलेलं कोष्टक म्हणतं की तो योगायोगाने यावा इतका क्षुल्लक नाही. कुणी जागं आहे का?