युद्धापुरती बांधलेली विमानवाहू नौका ५६ वर्षं चालली कशी?

सागरगोटा

ब्राझीलच्या 'मिनास जेराइस'बद्दल वाचतोय आणि एक कोडं सुटत नाहीये. ही मूळची ब्रिटिश 'व्हेन्जन्स'. १५ जानेवारी १९४५ला सेवेत आली, १६ ऑक्टोबर २००१ला निवृत्त झाली. मधे १९५२ ते १९५५ ऑस्ट्रेलियाकडे उसनी होती. कोलोसस वर्गाची ही जहाजं आखतानाच ठरलं होतं म्हणे, की युद्ध संपेपर्यंत किंवा फार तर तीन वर्षं वापरायची आणि मोडीत काढायची. चिलखतही नाही.

मग सांगाडा एवढा टिकला कसा? बॉयलर-टर्बाइनचं काय केलं? आणि १९४५च्या पंखेवाल्या विमानांसाठी केलेल्या डेकवर शेवटी स्कायहॉक जेट उतरली, ते कसं जमवलं? ५६ हा आकडा खरा धरावा की आपली 'विराट' पुढे, हेही सांगा. तारखांची जंत्री मिळाली आहे, लोखंड आणि यंत्रं यांबद्दल हवं आहे.

नांगरगडी

आधी आकड्याचं उरकतो. ऑक्टोबर १९५५ ते डिसेंबर १९६० या काळात जहाज कुठल्याच नौदलात कामावर नव्हतं. आधी ब्रिटनमध्ये पडून, मग रॉटरडॅमच्या गोदीत. म्हणजे निव्वळ सेवा ५१ वर्षांच्या आसपास. 'हर्मिस' नोव्हेंबर १९५९ ते एप्रिल १९८४ आणि तीच 'विराट' म्हणून मे १९८७ ते मार्च २०१७, म्हणजे ५४च्या वर. 'विराट' पुढे.

आता सांगाडा. 'तीन वर्षांसाठी बांधलं' याचा अर्थ कच्चं बांधलं असा बऱ्याच जणांचा समज होतो, तो चुकीचा आहे. युद्धनौका कधीच न बांधलेल्या गोद्यांनाही काम देता यावं म्हणून या वर्गाचा सांगाडा लॉइड्सच्या व्यापारी जहाजांच्या नियमांप्रमाणे आखला. कपात झाली ती चिलखतात, पाण्याखालच्या संरक्षणात, तोफांत आणि वेगात. वर्षानुवर्षं माल वाहणाऱ्या जहाजाची धाटणी आणि कमाल वेग जेमतेम २५ नॉट, त्यामुळे सांगाडा फार ताणलाच जात नाही.

शिवाय चिलखती डेक नसणं हे दुरुस्तीच्या दृष्टीने वरदान ठरलं. जाड चिलखत कापून लिफ्ट मोठी करणं किंवा डेक बाजूला वाढवणं म्हणजे महिनोन्महिने गोदी अडवणं. इथे नेहमीची पोलादी प्लेट, कापा आणि वेल्ड करा.

गंज मात्र कुणाला सुटला नाही. जुन्या जहाजात तो बाहेरून दिसतो तिथे कमी आणि न दिसणाऱ्या जागी जास्त असतो: न्हाणीघरं आणि भटारखान्याखालची प्लेट, बॉयलर-रूमचं बिल्ज (पाणी-तेल साचतो तो तळ), समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या झडपांच्या पेट्या, आणि माणूस वर्षातून एकदाही शिरत नाही असे बंद कप्पे. ड्राय-डॉकमध्ये अल्ट्रासॉनिकने जाडी मोजतात. साधारण वीस-पंचवीस टक्के झीज दिसली की तेवढा तुकडा कापून नवा बसवायचा. नुसता वरून पॅच मारला तर मधे ओल अडकते आणि पुढच्या डॉकिंगला दोन्ही प्लेटा गेलेल्या असतात.

वाफेवरचा

नांगरगडींशी सहमत. पण अशा जहाजाचं आयुष्य सांगाडा ठरवत नाही, बॉयलर ठरवतात. सांगाडा दुरुस्त होतोच, बॉयलर-रूम उघडून ड्रम बदलायचा म्हटलं की वरचे डेक कापावे लागतात आणि तिथे नौदलं हात टेकतात.

या वर्गात चार अॅडमिरल्टी थ्री-ड्रम बॉयलर, दाब दर चौरस इंचाला ४०० पाउंड, दोन टर्बाइन संच, दोन शाफ्ट, एकूण ४०,००० अश्वशक्ती. दोन बॉयलर आणि एक टर्बाइन असा एकेक स्वतंत्र संच, दोन्ही संच पुढे-मागे सरकवलेले, म्हणजे एका माऱ्यात दोन्ही जाऊ नयेत. ही सोय युद्धासाठी केली, उपयोगी पडली ती म्हातारपणी. एक संच उघडून ठेवला तरी दुसऱ्यावर जहाज चालतं.

थ्री-ड्रममध्ये वर वाफेचा ड्रम, खाली दोन पाण्याचे ड्रम, मधे शेकडो नळ्या. नळी फुटली तर ड्रमच्या आतून दोन्ही टोकांना बूच मारायचं आणि पुढे चालू. खरी भीती पाण्याच्या ड्रमची. नळ्या जिथे ड्रमला भिडतात त्या खोबणीत काजळी साचते. बॉयलर थंड असताना तिला ओल लागली की गंधकाचं आम्ल तयार होतं आणि बाहेरून पोलाद खातं. आतून पाण्यातला ऑक्सिजन खड्डे पाडतो. त्यात युद्धनौकेचा बॉयलर घाईत पेटवतात, घाईत विझवतात. दोन नळ्यांच्या भोकांमधली पोलादाची अरुंद पट्टी त्या आकुंचन-प्रसरणाने तडकते. अशी तडकलेली जागा वेल्ड करून भागत नाही.

दुसरा शत्रू कंडेन्सर, म्हणजे वापरलेल्या वाफेचं पुन्हा पाणी करणारं यंत्र. त्याच्या नळ्यांतून समुद्राचं पाणी वाहतं आणि बाहेरच्या बाजूला निर्वात. नळीला टाचणीएवढं भोक पडलं तरी खारं पाणी बॉयलरच्या पाण्यात ओढलं जातं. पहारा साधा: नमुन्याच्या परीक्षानळीत थोडं नायट्रिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. पाणी नितळ राहिलं तर ठीक, दुधाळ झाक आली की मीठ शिरलं. मग तो संच थांबवा, गळकी नळी शोधा, दोन्ही टोकांना निमुळती बुचं ठोका. बुचं वाढत गेली की थंडाव्याचं क्षेत्रफळ घटतं, निर्वात कमी होतो, वेग उतरतो. उत्तर समुद्रात जे खपतं ते रिओच्या कोमट पाण्यात खपत नाही.

सागरगोटा

हे भारी आहे, धन्यवाद. म्हणजे १९७१मध्ये 'विक्रांत'च्या बॉयलरला तडा होता म्हणतात तो हाच प्रकार का? ती पण याच कुटुंबातली ना? आणि डेकचं राहिलं.

वाफेवरचा

हाच. 'विक्रांत' मॅजेस्टिक वर्गाची, म्हणजे कोलोससचीच सुधारित धाकटी बहीण. जून १९७०मध्ये मुंबईच्या गोदीत तिच्या पाण्याच्या ड्रममध्ये तडे सापडले. वेल्डिंगने भागणार नव्हतं, देशात ड्रम मिळत नव्हते, म्हणून ब्रिटनकडे चार मागवले. ते येण्याआधीच १ मार्च १९७१ला बॉयलर पुन्हा पेटवले आणि मर्यादा घातली: शाफ्टचे फेरे पुढे १२० आणि मागे ८० यापेक्षा जास्त नाहीत. त्यामुळे वेग १४ नॉटवर आला.

विमानवाहू नौकेला १४ नॉट म्हणजे निव्वळ उशीर नव्हे, थेट उड्डाणावर घाला. विमानाला हवेत तरायला लागणारा वेग तीन वाटण्यांतून येतो: कॅटापल्टचा (विमान पुढे फेकणाऱ्या यंत्राचा) रेटा, जहाजाचा वेग आणि समोरचा वारा. समजा विमानाला १२० नॉट हवेत आणि त्या वजनाला कॅटापल्ट ९० देतो. उरलेल्या ३० पैकी जहाज २४ देत असेल तर सहा नॉटची झुळूक पुरते. जहाज १४वर आलं तर १६ नॉट वारा शोधत फिरायचं, नाहीतर इंधन किंवा बॉम्ब उतरवायचे. तरीही ४ डिसेंबर १९७१ला याच जहाजावरून सी हॉक जेट तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारवर गेले.

उलटं उदाहरण अर्जेंटिनाच्या 'बेइंतिसिंको दे मायो'चं. हीदेखील कोलोसस वर्गातली: ब्रिटिश 'व्हेनरेबल', १९४८पासून डच 'कारेल दोरमान', १९६९पासून अर्जेंटिना. २ मे १९८२ला फॉकलंडजवळ तिच्या स्कायहॉकनी ब्रिटिश ताफ्यावर जायचं ठरलं होतं. वारा पडला, भरल्या वजनाची विमानं उडवता आली नाहीत, हल्ला झालाच नाही. दक्षिण अटलांटिकसारख्या वादळी समुद्रात वारा नाही म्हणून अडावं, हा अजबच प्रकार.

तांडेल

डेकबद्दल मी लिहितो.

ब्राझीलने डिसेंबर १९५६मध्ये जहाज ९० लाख डॉलरला घेतलं आणि रॉटरडॅमच्या वेरोल्म गोदीत १९५७ ते १९६० त्यावर २ कोटी ७० लाख डॉलर खर्च केले, म्हणजे किमतीच्या तिप्पट. मिळालं काय? ८.५ अंशांचा तिरका डेक, वाफेचा कॅटापल्ट, वैमानिकाला उतरायचा कोन दाखवणारी आरशाची लँडिंग यंत्रणा, विमानाला अडवून थांबवणाऱ्या जास्त ताकदीच्या अरेस्टर वायर, नवी रडारं, नव्या लिफ्ट. मूळचा डेक सरळ होता. विमानाच्या शेपटीचा हुक वायरीत अडकायचा चुकला की विमान पुढच्या जाळीत, जाळी चुकली की उभ्या विमानांत. तिरक्या डेकवर हुक चुकला तर गॅस देऊन पुन्हा चक्कर मारता येते. जेटला याशिवाय गत्यंतर नाही.

आणि हे सगळं याच वर्गाच्या अंगावर शिकलेलं! वाफेच्या कॅटापल्टच्या चाचण्या 'पर्सियस'वर, तिरक्या डेकच्या पहिल्या चाचण्या १९५२मध्ये 'ट्रायम्फ'वर, त्याही सरळ डेकवर नुसते तिरके पट्टे रंगवून.

पण माझ्या मते खरी लॉटरी हँगरच्या, म्हणजे डेकखालच्या विमानं ठेवायच्या जागेच्या, उंचीत होती. आधीच्या ब्रिटिश चिलखती नौकांचा हँगर १६ फूट, काहींचा १४ फूट. कोलोससचा साडेसतरा फूट. ब्राझीलचं मुख्य विमान ट्रॅकर (पाणबुड्या शोधणारं), उंची सुमारे सव्वासोळा फूट. पंख मिटून रुंदी २७ फुटांच्या वर, लांबी ४२ फुटांच्या वर, आणि लिफ्ट मूळची ४५ बाय ३४ फूट. म्हणजे लांबीत पुढे-मागे मिळून तीन फुटांहून कमी जागा. चाक वीतभर सरकलं तर शेपटी डेकच्या कडेला घासणार, म्हणून लिफ्ट हलण्याआधी चाकांना ठोकळे आणि साखळी दोन्ही. १६ फुटी हँगरच्या जहाजात ट्रॅकर शिरलाच नसता.

अवांतर: १९६५च्या आदेशाने ब्राझीलमध्ये स्थिर पंखांची विमानं हवाई दलाकडे गेली आणि नौदलाकडे फक्त हेलिकॉप्टरं उरली. जहाज एकाचं, विमानं दुसऱ्याची. नौदलाच्या दृष्टीने हा तमाशाच, पण त्यामुळे १९९६पर्यंत ट्रॅकरच राहिले. हळू उतरणारं पिस्टन इंजिनचं विमान वायर, डेक आणि कॅटापल्टला जेटइतकं पिळत नाही. १९९८मध्ये कुवेतकडून २३ स्कायहॉक घेतली, तोवर जहाजाची शेवटची तीन वर्षं उरली होती.

नांगरगडी

कॅटापल्टबद्दल वाफेवरचा सांगतील असं वाटलं होतं, राहिलं बहुतेक.

वाफेवरचा

हो, राहिलंच. डेकखाली दोन समांतर सिलिंडर, दोन्हींना वरून लांबलचक चीर. आतला पिस्टन त्या चिरेतून विमान जिला जोडलेलं असतं ती शटल ओढतो आणि चीर बंद ठेवायला लवचीक पट्टी असते. ती झिजली की वाफ डेकवर फुसफुसते आणि शेवटचा वेग घटतो. सिलिंडर तुकड्यातुकड्यांचे असतात. ते तापून लांबतात आणि जहाज लाटेवर वाकतं, त्यामुळे रांग मिलिमीटरमध्ये तपासत राहावी लागते.

लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे पाणी. टर्बाइनची वाफ कंडेन्सरमधून परत मिळते, कॅटापल्टची हवेत जाते. प्रत्येक उड्डाणामागे शुद्ध पाणी कायमचं गेलं. एव्हॅपोरेटर (समुद्राच्या पाण्यापासून शुद्ध पाणी करणारी यंत्रं) कमी पडले तर आधी आंघोळी बंद, मग उड्डाणं बंद. म्हणून नुसता कॅटापल्ट बसवून चालत नाही, बॉयलर आणि एव्हॅपोरेटर दोन्हींची क्षमता वाढवावी लागते.

सुटे भाग हा सगळ्याचा गाभा. या आराखड्याची सोळा जहाजं बांधायला घेतली होती. एप्रिल १९६८मध्ये 'कारेल दोरमान'च्या बॉयलर-रूमला आग लागली, तेव्हा बॉयलर आणले ते कधीच पूर्ण न झालेल्या 'लेव्हायथन' या बहिणीतून. तेच जहाज अर्जेंटिनात यंत्रांनी थकलं, तेव्हा त्याचे वापरण्याजोगे भाग 'मिनास जेराइस'ला गेले. बाकी बहिणी मोडीत निघाल्यावर कारखान्यात एकेक भाग नव्याने पाडून घ्यावा लागतो.

तांडेल

त्या दोघी बहिणी शेवटी एकाच किनाऱ्यावर आल्या. अर्जेंटिनाची २०००च्या सुमारास गुजरातमधल्या अलंगला, जिथे जहाजं तोडतात; 'मिनास जेराइस' २००४मध्ये, तिथेच. मधे तिला एका ऑनलाइन लिलावात लावून पाहिलं होतं, संकेतस्थळाने यादीतून काढलं. 'विक्रांत' २०१४मध्ये मुंबईतच दारूखान्यात तुटली.

सागरगोटा

सगळ्यांचे आभार. आता रॉटरडॅमच्या दुरुस्तीचे आराखडे शोधतो, लिफ्टची नवी मापं मिळाली तर इथेच टाकतो.